पहिली चिमूट काट्याला

मला राग फार लवकर येतो. तो वडिलांकडून आमच्या घरात आला आणि माझ्यापाशी कायमचा मुक्कामाला राहिला. त्या रागापायी मी आयुष्यात पुष्कळ काचसामान फोडलं, पुष्कळ माणसांशी अबोला धरला. पण माफी मागण्यासाठी एसटीतून अध्येच भलत्या थांब्यावर उतरून पायी चालत गेले ती एकदाच. ती हकीकत सांगायची तर एका पिवळ्या पुडीपासून सांगायला हवी.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती आणि बुलढाणा जिल्ह्यात तालुक्या-तालुक्याला कॉलेज निघण्याची हवा होती. मेहकरच्या एका नव्या कॉलेजात मी रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले. माझं गाव मोताळ्याकडचं, शिक्षण नागपूरचं, आणि नोकरी ही अशी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. प्रयोगशाळा म्हणून आम्हाला कापसाचं एक जुनं गोदाम मिळालं होतं. आढ्याला कुठल्या काळचा कापूस अडकून बसला होता कोण जाणे, पण वारा सुटला की त्याचे तंतू तरंगत खाली यायचे आणि नेमके माझ्या चंचुपात्रात पडायचे. नळ नव्हता. छपरावर एक ड्रम चढवला होता, त्यात बादल्यांनी पाणी भरायचं आणि त्याच्या धारेवर आमचा गाळणीचा पंप चालवायचा.

त्या बादल्या चढवायचे मामा. कॉलेजात अटेंडंटला सगळेच मामा म्हणतात. आमचे मामा वयानेही मामा शोभतील असे होते, पन्नाशीला टेकलेले, डोणगावचे. घरी थोडी कोरडवाहू जमीन, तिच्यात ज्वारी आणि कापूस. ती थोरला मुलगा बघायचा आणि मामा सकाळच्या गाडीने मेहकरला यायचे. प्रयोगशाळेतल्या वस्तूंना ते उपकरणं म्हणत नसत, अवजारं म्हणत. तिफणीचे नळे पेरणीआधी फुंकून बघावेत तसे ते प्रत्येक ब्युरेटची काचनळी डोळ्याला लावून बघायचे आणि मगच स्टँडला अडकवायचे. काचेच्या पेटीतल्या तराजूला ते काटा म्हणत. त्या काट्याला माझ्याशिवाय कोणी हात लावला की मामा त्याच्याकडे असे बघायचे की तो आपोआप मागे सरे.

माझी एक लबाडी इथेच कबूल करते. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात स्टाफरूममध्ये बोलताना माझ्या तोंडून ‘मला’ऐवजी वऱ्हाडी ‘मले’ निघालं आणि पुण्याकडचे एक सहकारी खदखदून हसले. त्या दिवसापासून मी कॉलेजच्या फाटकात शिरताना माझी बोली बाहेर ठेवायला लागले. मामांशीसुद्धा मी छापील बोलायचे. ते मला ‘बाई’ म्हणायचे आणि नागपूरचीच समजायचे.

मला पीएच.डी. करायची होती. नुसती इच्छा नव्हे, ध्यासच होता. कार्बनचे दोन अणू एकमेकांना तीन बंधांनी घट्ट धरून असतात अशा पदार्थांना अल्काइन म्हणतात. आठवडी बाजारातल्या कारबाईडच्या दिव्यात जो गॅस जळतो तो त्यातला सगळ्यात साधा. या जोडीच्या टोकाला एक हायड्रोजन असतो. तो काढून त्याच्या जागी तांबं, चांदी किंवा निकेल यांसारखा धातू बसवता येतो आणि मग त्या पदार्थाचा स्वभावच पालटतो. नव्या कार्बनला तो असा जोडून घेतो की पूर्वी ज्या साखळ्या बांधायला सहा-सात पायऱ्या लागायच्या त्या एका पायरीत बांधता येतात. नागपूरच्या ग्रंथालयात परदेशी नियतकालिकांत हे वाचलं तेव्हा मी जेवायचं विसरले होते. माझ्याच्याने हे होईल, मेहकरच्या गोदामातसुद्धा होईल, असं मला अगदी मनापासून वाटत होतं.

नागपूरच्या गाइड सरांना तसं वाटत नव्हतं. ते वाईट माणूस नव्हते, पण स्पष्ट होते. ते म्हणाले, “दिवाळीनंतर मी दोन वर्षांसाठी परदेशी जातोय. त्याआधी मला तांब्याच्या अल्काइनचा दोन ग्रॅम शुद्ध नमुना आणून दाखवा. तुमच्या त्या गोदामात केलेला. दाखवलात तर तुमच्या नोंदणीच्या फॉर्मवर सही करून जाईन. नाही तर आल्यावर बघू.” आल्यावर बघू म्हणजे काय हे मला कळत होतं. त्यांच्याच प्रयोगशाळेत एक जण त्याच विषयावर डोळा ठेवून होता. शिवाय दोन वर्षांनी मी कुठे असेन आणि घरचे मला कुठे पाठवून मोकळे झालेले असतील, याचा काही भरवसा नव्हता.

उन्हाळ्याच्या सुट्टीत काम सुरू केलं. सुरुवातीला विद्यार्थ्यांना दाखवायचं म्हणून साधा प्रयोग केला. बाजारातून कारबाईड आणलं, त्याचा गॅस तांब्याच्या अमोनियातल्या द्रावणातून सोडला, आणि विटेच्या रंगाचा लाल साका खाली बसला. मामा कौतुकाने वाकून बघत होते. मी त्यांना बाजूला केलं. मोहरीएवढा साका लोखंडी जाळीवर वाळवला आणि लांबूनच तापवला. चट्ट आवाज झाला आणि जाळी उडून खाली पडली. उरलेला साका मी ओला असतानाच आम्ल घालून मारून टाकला.

“ओलं असेपर्यंत हे शहाणं असतं,” मी मामांना सांगितलं. “वाळलं की नुसत्या धक्क्यानं उडतं. या खोलीत लाल दिसलं की हात लावायचा नाही. मला जे करायचंय ते पिवळं आहे. ते या मानानं गरीब.”

“लाल जहाल, पिवळं गरीब,” मामांनी पाठ केल्यासारखं म्हटलं. त्यांनी खरोखरच पाठ केलं होतं, हे मला पुढे कळलं.

पिवळ्यापर्यंत पोचायला मला उन्हाळा आणि सबंध पावसाळा लागला. आधी दालचिनीच्या वासाचं आम्ल तयार करायचं, त्याला ब्रोमीन जोडायचा, मग तो पायरीपायरीने काढून टाकायचा, की शेवटी एक बिनरंगी, नाकात घुसणारं तेलकट अल्काइन थेंबाथेंबाने गळतं. बर्फ मिळत नव्हता म्हणून ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या माठाच्या पाण्यावर भागवलं. ब्रोमीनने माझे डोळे चुरचुरायचे आणि मामा मला दारात नेऊन उभं करायचे. दोनदा सगळं काळं झालं. एकदा फ्लास्क तडकला आणि तीन आठवड्यांचं काम टेबलावरून ओघळून जमिनीत मुरलं. त्या दिवशी मी इतकी ओरडले की शेजारच्या वर्गातलं गणित थांबलं.

तांब्यासाठी मी मोरचूद काढला तेव्हा मामांचा चेहरा खुलला. “हे तं आमच्या घरचं औषध हाये, बाई! ज्वारीच्या बियान्याले याचंच पानी देतो आमी. कनसाले कानीचा रोग लागत नाही मंग.” त्यांना माझ्या धंद्यातली ओळखीची अशी ती पहिली वस्तू सापडली होती. तो निळा मोरचूद अमोनियात गडद झाला, दुसऱ्या एका क्षाराने त्याचा रंग पार उडाला, आणि मी त्यात माझं जिवापाड जपलेलं अल्काइन ओतलं. क्षणात सगळं पात्र पिवळंधमक झालं. मामांनी नकळत हात जोडले. मी बाईमाणसासारखी वागायचं सोडून स्टुलावर चढून टाळ्या वाजवल्या.

आता हा पदार्थ शुद्ध करायचा म्हणजे कशात तरी विरघळवून परत काढायचा, ही आमच्याकडची नेहमीची रीत. पण तो विरघळेल तर शपथ! पाण्यात नाही, स्पिरिटमध्ये नाही, ईथरमध्ये नाही, गरम करून नाही, गार करून नाही. मी कपाटातली एकेक बाटली काढून बघितली आणि एकेका बाटलीला शिव्या दिल्या. मामा कोपऱ्यात उभे राहून बघत होते.

“तुमच्यासारखंच हाये, बाई,” ते म्हणाले. “कोनातच मिसळत नाही.”

मी डोळे वटारले तेव्हा ते बादली घेऊन बाहेर गेले, पण हसत गेले. शेवटी मी ती पूड पाण्याने आणि स्पिरिटने धुतली, वाळवली आणि काट्यावर ठेवली. अडीच ग्रॅमच्या थोडी वर भरली. काचेच्या बशीत घालून, कोरड्या हवेच्या बंद भांड्यात मी ती ठेवून दिली. दसरा तीन दिवसांवर होता, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची नागपूरची गाडी मी धरणार होते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, नवमीला, आपल्याकडे अवजारांची पूजा असते. अष्टमीच्या संध्याकाळी मामांनी मला विचारलं, “यंदा आपल्या खोलीतबी करू का, बाई?” मी तेव्हा विद्यार्थ्यांची जर्नलं तपासत होते. मान वर न करता मी म्हणाले, “करा तुम्हाला करायची तशी. मला विचारू नका.” आणि किल्ल्या त्यांच्याकडे सरकवल्या. हे माझे शब्द आहेत आणि मी ते विसरलेले नाही.

नवमीच्या दुपारी प्रयोगशाळेत गेले तेव्हा आधी इतकं प्रसन्न वाटलं! मामांनी सकाळपासून खपून सगळं घासूनपुसून लख्ख केलं होतं. चिंचेने उजळलेले पितळी बर्नर, धुतलेल्या ब्युरेटी, पुसलेली काट्याची पेटी. दारावर झेंडूचं तोरण. आणि प्रत्येक वस्तूवर पिवळं बोट उमटलेलं. ब्युरेटीवर, स्टँडवर, फ्लास्कवर, चिमट्यांवर, पंपावर, दाराच्या फळीवर, उंबऱ्यावर, अगदी पाण्याच्या ड्रमवरसुद्धा. बोटाखाली तांदळाचे चार दाणे आणि एक झेंडूची पाकळी. मी दारातच थांबून बघत राहिले. मग माझ्या मनात आलं की हळद इतकी पिवळी नसते.

मी धावत बंद भांड्यापाशी गेले. त्याच्या झाकणावरही एक बोट होतं. आतली बशी धुऊन, पुसून, उपडी ठेवलेली होती.

त्यानंतर काय झालं ते मला अभिमानाने सांगता येणार नाही. माझी छापील भाषा कुठल्या कुठे गेली. “काऊन हो मामा? काऊन केलं तुमी असं? सहा महिने मेले ना मी याच्यासाठी! इचारता येत नव्हतं काय मले?”

मामा हातात तेलाची वाटी घेऊन उभे होते. त्यांना अजून कळलं नव्हतं. “इचारलं ना, बाई. तुमी करा म्हनल्या. पयलं पीक होतं हे. या खोलीत इतक्या दिसात पयल्यांदा काही पिकलं. नाहीतं पोरं येतात, याच्यात ते वततात, रंग पाह्यतात अन् मोरीत फेकून देतात. वावरातलं पयलं कनीस आमी तिफनीले दावतो, मंग घरात नेतो. पयला मान अवजारायचा. हळद काय, कोनीबी लावते.”

“मंग चिमूटभर लावायचं होतं! सारंच काऊन?”

“कोनाले वगळू?” मामा अगदी खरेपणाने म्हणाले. “काट्याले लावलं, तं ब्युरेटीनं काय केलं? ब्युरेटीले लावलं, तं पानी देनाऱ्या ड्रमानं काय केलं? कमी पडू नये म्हनून तं फल्लीतेलात कालवलं.”

शेंगदाण्याचं तेल! हे ऐकून माझं उरलंसुरलं भान गेलं. मी त्यांना गावंढळ म्हणाले. अडाणी म्हणाले. असल्या माणसांमुळेच या मुलखात काही होत नाही, असंही म्हणाले. माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाला मी हे बोलत होते आणि बोलताना मला थांबावंसं वाटत नव्हतं. मग मी स्टुलावर बसून रडायला लागले. परवाची गाडी, तो फॉर्म, दोन वर्षं, सगळं त्या पिवळ्या बोटांत फासलं गेलं होतं.

थोड्या वेळाने काचेचा आवाज आला म्हणून वर बघितलं. मामांनी काट्याच्या पेटीतला मऊ ब्रश आणि एक पातळ पातं घेतलं होतं. ते काट्यासमोर उभे होते. दसऱ्याच्या आत मांडलेली पूजा उचलत नाहीत, हे मलाही माहीत होतं. मामांनी काट्याला हात जोडले आणि हळू आवाजात म्हणाले, “देल्लेलं वापस घेऊन राह्यलो. चुकी माही हाये, बाईची नाही. रागावू नको.” मग त्यांनी पेटीवरचं पिवळं बोट पात्याने अलगद खरवडून बटरपेपरवर घेतलं. पुढे ब्युरेट. तिलाही हात जोडले, तिचीही माफी मागितली. एकेका अवजारापुढे ते असं करत चालले होते. मला तेव्हा माझी खरी लाज वाटली.

निम्मी खोली झाल्यावर त्यांनी तो कागद माझ्यासमोर आणला. पिवळा चिखल, त्यात तांदूळ आणि पाकळ्या. “तेलात गेलेलं परत कसं निघन, बाई?” त्यांनी विचारलं.

मी त्या चिखलाकडे बघत होते आणि माझ्या डोक्यात काहीतरी हललं. “तेलात गेलं नाही, मामा,” मी म्हणाले. “ते कशातच जात नाही.”

ज्या हट्टीपणापायी मी त्याला महिनाभर शिव्या दिल्या होत्या तोच आता कामाला येणार होता. तेल ईथरमध्ये विरघळतं. झेंडूचा रंग स्पिरिटमध्ये उतरतो. माझी पूड या दोन्हींना भीक घालत नाही. तांदूळ, पाकळ्या, कापसाचे तंतू तेवढे मलमलीतून गाळून अडवायचे. धूळ असती तर पंचाईत होती, पण मामांनी पूजेआधी प्रत्येक अवजार आरशासारखं केलं होतं. मग मला एकदम आठवलं. कुंकू! कुंकवातला भुसा कशातच विरघळला नसता आणि माझ्या पुडीतून तो मला कधीच वेगळा काढता आला नसता. मी सगळा कागद उलटापालटा करून बघितला. कुठे लाल ठिपका नव्हता.

“मामा, कुंकू नाही लावलं?”

“नाही,” मामा म्हणाले. “तुमीच तं सांगतलं होतं. या खोलीत लाल जहाल असते.”

मी हसले. रडता रडता हसले, आणि मामा घाबरून माझ्याकडे बघायला लागले.

ईथरजवळ दिवा चालत नाही, म्हणून उजेड होता तोवर आम्ही काम केलं आणि दसऱ्याच्या दिवशी उजाडताच पुन्हा आलो. गावात जुन्या देवळाकडे माणसं चालली होती, पोरं आपट्याची पानं घेऊन पळत होती, आणि आम्ही दोघं गोदामात एक चिखल धूत बसलो होतो. मामांनी ड्रम भरला. मी ईथर ओतायची, ढवळायची, मलमलीतून गाळायची, पूड खाली बसू द्यायची, वरचं तेलकट ईथर काढून टाकायची. तेलाचा वास जाईपर्यंत सहा वेळा ईथर, मग स्पिरिट, मग परत ईथर. दुपारपर्यंत बशीत कोरडी, भुरभुरीत, पिवळीधमक पूड तयार झाली. काट्यावर ठेवली. पावणेदोन ग्रॅम.

दार, उंबरा आणि ड्रम यांवरचं मी सोडून दिलं होतं, त्यात लाकूड आणि गंज आला असता. “पाव कमी हाये,” मामा म्हणाले. पूड कुपीत भरली, कुपीला काळा कागद गुंडाळला आणि घरी गेले. मी त्यांना सोनंसुद्धा दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरची गाडी डोणगावला थांबली तर खिडकीखाली मामा. त्यांनी आधी आपट्याची दोन पानं माझ्या हातात दिली. मग धोतराच्या सोग्यातून एक कागदाची पुडी काढली. “दाराचं अन् ड्रमाचं हाये. काल तुमी गेल्यावर काढलं, फल्लीतेल धुवाले मले जमलं नाही. सायब म्हनले कमी हाये, तं हेबी दाखवा.” मी काहीतरी बोलणार तोच कंडक्टरने घंटी मारली. पुढच्या वळणापर्यंत मी मागे वळून बघत होते आणि मामा हात वर करून उभे होते.

नागपूरला सरांनी कुपी उजेडात धरली. तिथल्या मशीनवर त्यांनी नमुना चढवला आणि कागदावर रेघ उमटत गेली. टोकाच्या हायड्रोजनची खूण जिथे यायला हवी होती तिथे सपाट होतं. म्हणजे हायड्रोजन गेला होता आणि तांबं बसलं होतं. सर कागदाकडे पुन्हा पुन्हा बघत होते.

“आमच्या इथला नमुना हवेनं हिरवट पडतो,” ते म्हणाले. “तांबं सुटतं आणि अल्काइनच्या जोड्या आपसात चिकटतात. तुमच्यात तो मळ अजिबात नाही. काय केलंत?”

तो मळ ईथरमध्ये जातो. मी सहा वेळा धुतलं नसतं तर तो माझ्याही पुडीत राहिलाच असता. खोटं बोलायचं मनात आलं, नाही असं नाही. पण डोळ्यांसमोर काट्यापुढे हात जोडलेले मामा आले आणि मी सगळं सांगून टाकलं. पूजा, तेल, झेंडू, सगळं. सरांनी कुपी परत उजेडात धरली.

“मी दोन ग्रॅम म्हणालो होतो,” ते म्हणाले.

“हो, सर.”

“पावणेदोन आहे.”

“हो, सर.”

त्यांनी फॉर्म पुढे ओढला आणि सही केली. “तेवढं ते फल्लीतेल प्रबंधात लिहू नका,” एवढंच म्हणाले.

परतीच्या गाडीत माझं तिकीट मेहकरचं होतं. डोणगाव आलं तशी मी उठले आणि उतरले. कंडक्टर म्हणाला, “अहो ताई, मेहकर पुढे आहे.” मी म्हणाले, “माहीत हाये.” थांब्यावरच्या माणसांना विचारत विचारत मी मामांच्या वावरापर्यंत गेले. कापसाची पहिली वेचणी चालली होती. बांधावर तिफण उभी होती आणि तिच्यावर कापसाची चार पांढरी बोंडं ठेवलेली होती.

मामा ओच्यातला कापूस सांभाळत धावत आले. “पडलं का कमी, बाई?”

“पडलं,” मी म्हणाले. “पन सही झाली.”

ते मटकन बांधावर बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी त्यांच्या शेजारी बसले. येताना गाडीत बरीच वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना. “मी तुमाले गावंढळ म्हनलं,” मी म्हणाले. “तुमच्या तेलापायीच ते सहा येळा धुतलं गेलं अन् त्यातला मळ निंघाला. माफ करा मले.”

“म्हनल्या ना,” मामा डोळे पुसत म्हणाले. “पन आपल्या बोलीत म्हनल्या. इतके दिवस मी समजून राह्यलो होतो का बाई नागपूरच्या हायेत. तुमी तं आमच्याच निंघाल्या.” मग जरा थांबून म्हणाले, “कोनतं गाव?”

“मोताळ्याकडचं.”

“मंग राग असनारच,” ते म्हणाले आणि मला हसू आवरेना.

कॉलेज उघडल्यावर मी पिशवीतून त्यांची ती पुडी काढली. लाकडाचा भुसा, गंज आणि तेलकट पिवळा गोळा, कुठल्याही प्रयोगाला न चालणारा. मी त्यातली चिमूट घेतली आणि काट्याच्या पेटीवर, जिथून तो मान आम्ही परत काढून घेतला होता त्याच जागी, बोट टेकवलं. मामांनी हात जोडले. नंतर त्या खोलीत चांदीचे झाले, निकेलचे झाले, किती तरी रंगांचे अल्काइन झाले. जहाल असेल ते सोडून दर नव्या पदार्थाची पहिली चिमूट वजन करायच्या आधी काट्याला गेली. माझ्या प्रबंधात हाती आलेल्या पदार्थांच्या वजनाचे आकडे सगळीकडे थोडे कमी आहेत. परीक्षकांनी विचारलं तेव्हा मी हाताळताना गेलं असं सांगितलं, आणि ते आकडे मी आजपर्यंत दुरुस्त केलेले नाहीत.